मेडिकलचा एक महिना आणि मधले अकरा

मावळात फौजी सुट्टीवर आला की त्याच्या ताटात वाढताना कुणी हात आखडता घेत नाही. पहिल्या रविवारी घरी कोंबडी, मग बहिणीकडे, मग सासुरवाडीला, आणि त्यात गावची जत्रा किंवा लग्नसराई आली तर विचारायलाच नको. वर्षातले बरेच महिने घरापासून लांब राहिलेल्या माणसाचं एवढं कौतुक व्हायलाच हवं. पण युनिटमध्ये परतल्यावर पट्ट्याचं नेहमीचं भोक लागत नाही. मग वार्षिक मेडिकलची तारीख जवळ आली की तोच माणूस रात्रीचं जेवण सोडतो, दुपारच्या उन्हात जाड ट्रॅकसूट घालून पळतो आणि वजनकाट्यावर कसाबसा निभावतो. पुढच्या सुट्टीत सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हा लेख या चक्रात सापडलेल्यांसाठी आहे. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत नेमणुकीवर असलेले नौसैनिक, देहूरोड छावणीतले जवान, तळेगावच्या सीआरपीएफ केंद्रातले आणि सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफ बटालियनमधले जवान, इथल्या गावांतून बाहेर नोकरीला असलेले आणि सुट्टीवर येणारे, शिवाय पेन्शन घेऊन परतलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. माझं म्हणणं एकच आहे. मेडिकलच्या आधीच्या महिन्यात वजन उतरवता येतं, पण सांभाळता येत नाही. सांभाळायचं असेल तर मधले अकरा महिने हाताशी धरावे लागतात, आणि त्यातही सुट्टीचे दिवस सगळ्यात आधी.

सुट्टीचा हिशेब

सैन्यातल्या जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक सुट्टी मिळते. ती अनेकदा दोन हप्त्यांत घेतली जाते, पण हिशेबासाठी साठ धरू. या काळात रोज पाचशे कॅलरी जास्त गेल्या तर एकूण तीस हजार होतात. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे कागदावर जवळजवळ चार किलो. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, कारण जास्त खाल्लं की शरीर थोडं जास्त जाळतंही. पण अडीच-तीन किलो सहज चढतं.

पाचशे कॅलरी म्हणजे फार काही नव्हे. कॅन्टीनच्या रमचे साठ मिलीचे दोन पेग घेतले की दोनशे ऐंशीच्या आसपास झाले. त्याबरोबर दोन मुठी फरसाण, की पाचशे पुऱ्या. जेवण अजून व्हायचंच आहे. दारू न पिणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. तुपाची धार सोडलेल्या दोन पुरणपोळ्या तेवढ्याच भरतात, आणि एकादशीच्या साबुदाणा खिचडीला उपवास का म्हणतात हे मला अजून उमगलेलं नाही.

दुसरी बाजू खर्चाची. युनिटमध्ये पहाटेची पीटी, परेड, संध्याकाळचे खेळ, ड्युटीवरची पायपीट असा खर्च चालू असतो. गावी आल्यावर मोटरसायकल असते. दूध डेअरीपर्यंतसुद्धा मोटरसायकलच. आवक वाढते आणि जावक थांबते, ती एकाच दिवशी. म्हणून सुट्टीचा पहिला नियम खाण्याचा नसून चालण्याचा आहे. पीटीची वेळ सुट्टीतही पाळायची. शिट्टी वाजवायला उस्ताद नसला तरी पहाटे साडेपाचला उठून तास-दीड तास बाहेर पडायचं. एवढं केलं तर घरच्या जेवणाला नाही म्हणायची वेळ फारशी येणार नाही.

नियम काय पाहतात

सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीने ठरते: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. शेप-वन म्हणजे पाचही बाबतींत ठीक. वजनाचा प्रश्न येतो तो चौथ्या अक्षरात. वय आणि उंचीनुसार वजनाचे तक्ते ठरलेले असतात. त्यापलीकडे वजन गेलं आणि दिलेल्या मुदतीत उतरलं नाही तर श्रेणी खाली येऊ शकते, आणि मग बढती, कोर्स, परदेशातली नेमणूक अशी सगळी पुढची दारं अडतात. तक्ते दलागणिक वेगळे असतात आणि अधूनमधून बदलतात. म्हणून मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जाऊन तुमच्या दलाचा चालू तक्ता मागा आणि वहीत उतरवून घ्या.

जानेवारी २०२४ मध्ये लष्कराच्या नव्या तंदुरुस्ती धोरणाच्या बातम्या आल्या. बीपीईटी आणि पीपीटी या जुन्या चाचण्यांच्या जोडीला दहा किलोमीटरचा स्पीड मार्च, बत्तीस किलोमीटरचा रूट मार्च आणि पोहण्याची चाचणी. प्रत्येकाचं स्वतंत्र तंदुरुस्ती कार्ड. आणि जे निकषांत बसत नाहीत किंवा ज्यांचं वजन जादा आहे त्यांना सुधारणेसाठी तीस दिवस, नंतर सुट्टीवर गदा. नियम कडक आहे की योग्य, हा वाद मेसमध्ये घाला. आपल्या कामाचा मुद्दा तीस दिवसांचा आहे. नीट खाऊन-पिऊन, स्नायू न गमावता माणूस महिन्याला दोन, फार तर तीन किलो चरबी उतरवू शकतो. अमेरिकी लष्करात जादा वजनाच्या सैनिकांना जो कार्यक्रम लावतात, त्यातही महिन्याला तीन ते आठ पौंड, म्हणजे सुमारे दीड ते साडेतीन किलो, एवढी घट समाधानकारक मानतात. तेव्हा आठ किलो वर असलेल्या माणसाने तीस दिवसांची वाट पाहिली तर ती लढाई त्याने सुरू होण्याआधीच गमावली.

काटा आणि टेप

आता पुण्यातली एक गोष्ट. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा एक फोटो छापला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे जुळे भाऊ, आतून मात्र एकाच्या दुप्पट चरबी दुसऱ्यात. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत याज्ञिकांनी जे काम केलं त्यातून हेच दिसत गेलं की आपली माणसं जन्मतःच अंगाने बारीक आणि चरबीने भरलेली असू शकतात. हातपाय काटक, पोट पुढे, ही आपल्याकडच्या कितीतरी सुभेदारांची ठेवण त्यातलीच.

यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. पहिली, पाश्चात्त्य पुस्तकातली पंचवीसची मर्यादा आपल्याला ढिली पडते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे बीएमआय २३ झाला की वजन जादा आणि २५ झाला की लठ्ठपणा. पाच फूट सात इंच, म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ही रेघ साडेसहासष्ट किलोवर आणि बहात्तरवर येते. दुसरी, काट्याइतकाच टेपवर भरवसा ठेवा. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांत ८०च्या आत असावा. मोजायचं ते पँटच्या पट्ट्याखाली नव्हे. फौजी माणूस पट्टा पोटाखाली बांधून वर्षानुवर्षं ‘बत्तीस कंबर’ सांगत राहतो. शेवटच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, सकाळी, काही खाण्याआधी, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावायचा.

वजन रोज पाहिलं तरी चालेल, पण त्यावर रोज खूश किंवा नाराज होऊ नका. रात्री खारट खाल्लं की सकाळी एक किलो जास्त दिसतो, तो पाण्याचा. आठवड्याची सरासरी काढा. घेर पंधरा दिवसांतून एकदा मोजा. वजन तेच राहून घेर दोन सेंटिमीटर कमी झाला असेल तर चाललंय ते बरोबर चाललंय: चरबी जातेय, स्नायू राहतोय. उलट पंधरा दिवसांत चार किलो उतरले आणि घेर तसाच, तर जे गेलं ते बहुतेक पाणी आणि मांस.

मावळातलं ताट

वजन उतरवायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते. मावळात राहून भात सोडा असं सांगणं म्हणजे सल्ला न देण्यासारखंच. शिवाय त्याची गरजही नाही. इंद्रायणी हा वाण आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडला. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आला म्हणून वासही राहिला आणि उताराही वाढला. गरगट, चिकट, वासाचा हा भात पोटात भराभर जातो, ही त्याची एकच खोड. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात साडेतीनशे कॅलरी असतात, मग तांदूळ कुठलाही असो. तेव्हा भात शिजवण्याआधी मोजा. एका माणसाला एका वेळी साठ-सत्तर ग्रॅम तांदूळ, म्हणजे चहाच्या छोट्या कपापेक्षा थोडा कमी. आणि ताटात भात शेवटी घ्या. आधी भाजी, उसळ, अंडं किंवा मासा, मग भाकरी किंवा पोळी, आणि शेवटी भात. क्रम बदलला की प्रमाण आपोआप बदलतं.

नाचणीची भाकरी मावळच्या आजीच्या स्वयंपाकघरातून जवळजवळ गेली होती. ती आता फौजेच्या मेसमध्ये परतते आहे. २०२३ मध्ये लष्कराने जवळजवळ अर्ध्या शतकानंतर जवानांच्या शिध्यात बाजरी, ज्वारी आणि नाचणीच्या पिठांना पुन्हा जागा दिली. तांदूळ आणि कणीक यांच्या हक्काच्या एक चतुर्थांशापर्यंत ही पिठं घेता येतात. तुमच्या लंगरमध्ये ती येत असतील तर घ्या. येत नसतील तर मेस मीटिंगमध्ये विचारा. भाकरीची खरी कमाई कॅलरीत नाही, पीठ पीठच असतं. पण ती चावावी लागते, सावकाश खाल्ली जाते आणि दुसरी मागण्याआधी पोट भरल्याचं कळतं.

पावसाळ्यात इथल्या बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी येते. कामशेत-वडगावला रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून या भाज्या घ्या आणि ताटाचा अर्धा भाग त्यांनी भरा. फक्त खोबरं आणि तेल यांच्यावर लक्ष असू द्या. घरातलं महिन्याचं तेल किती लागतं आणि खाणारी तोंडं किती, हे एकदा भागून पाहा. माणशी अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर वजनाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

प्रथिनांबद्दल मात्र कंजुषी नको. वजन उतरत असताना स्नायू वाचवायचे तर रोज किलोमागे सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ऐंशी किलोच्या माणसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम कोंबडीत पंचवीस, मूठभर डाळीत सात-आठ. रश्शात भाकरी कुस्करून खायची आणि पीस पोरांना द्यायचे, ही रीत इथल्या घरांत आहे. सुट्टीवरच्या फौजीने एवढ्यापुरतं उलट वागावं: पीस खावेत, तर्री सोडावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

राहिली चिक्की. सुट्टी संपवून जाताना लोणावळ्याचे चिक्कीचे डबे नेणं हे मावळच्या फौजीचं कर्तव्यच असतं. न नेले तर बराकीत घुसू देत नाहीत. बोरघाटात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा राबणाऱ्या मजुरांसाठी शेंगदाणे, गूळ, तूप घालून केलेली गुडदाणी इथे विकली जायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. बोगदे खोदणाऱ्यांचं ते खाणं होतं. आज एक्स्प्रेसवेवरून गाडीत बसून जाणारे तेच खातात. शंभर ग्रॅम चिक्कीत पाचशेच्या आसपास कॅलरी आहेत. तेव्हा डबे वाटा, एक तुकडा खा. पाकीट फोडून स्वतःच्या ट्रंकेत ठेवू नका.

डोंगर फुकट आहेत

व्यायामासाठी मावळात जिमची फी भरणाऱ्याचं मला नवल वाटतं. देहूरोडजवळ घोरावडेश्वर, सोमाटण्याला चौराई, इंदोरीकडे भंडारा डोंगर, कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या, पुढे लोहगड, विसापूर, तिकोना. प्रत्येकाला आपल्या गावापासून तासाभरात चढता येईल असा एक डोंगर आहे.

वजन जास्त असलेल्याने पळण्यापासून सुरुवात करू नये. पंच्याऐंशी-नव्वद किलोचा माणूस डांबरी रस्त्यावर पळू लागला की पंधरा दिवसांत गुडघा किंवा नडगी बोलू लागते, आणि मग विश्रांती, आणि मग वजन. चढावर झपझप चालणं याहून बरं. दम पळण्याइतकाच लागतो, गुडघ्यावरचा हादरा कमी. पहिले तीन आठवडे रोज पाऊण तास सपाटीवर झपझप चाला, आठवड्यातून दोनदा छोटा डोंगर चढा. मग चालण्यात मिनिटा-मिनिटाच्या धावा मिसळा. महिना-दीड महिन्याने सलग पळणं आपसूक येतं. उतरताना मात्र सावकाश. गुडघ्याची खरी झीज उतरताना होते, आणि उतारावर धावत सुटण्याची हौस फौजींनाच फार असते.

डोंगराकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. भाजे गावातून लोहगडावर जायला सुमारे चारशे मीटर उंची चढावी लागते. ऐंशी किलोच्या माणसाला नुसती ती उंची चढायला तीनशे कॅलरी लागतात. खाली माळवली स्टेशनवर एक वडापाव खाल्ला की ती कमाई गेली. व्यायामाने वजन राखता येतं, दम वाढतो, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहतो. उतरवायचं काम ताटाने करायचं असतं. दोन्हींची सांगड घातल्याशिवाय जमत नाही.

रूट मार्चची तयारी करणाऱ्यांना लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीची वाट उत्तम. एका बाजूने पंधरा-सोळा किलोमीटर, चढ सौम्य. सुरुवातीला एकच बाजू चाला, पाठीवर चार-पाच किलो ठेवा, मग हळूहळू ओझं आणि अंतर वाढवा. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी भुशी धरण, लायन्स पॉइंट, लोहगडाकडे फिरकू नका. गर्दीत चालणं होत नाही आणि धबधब्यांची वाट निसरडी. घरी पाऊस कोसळत असेल तर जोर, बैठका, दाराच्या चौकटीला बसवायची पुलअपची दांडी, पाण्याने भरलेले कॅन उचलणं हे आठवड्यातून दोन-तीनदा करा. ताकदीचा व्यायाम न करता नुसतं कमी खाल्लं तर वजनाबरोबर स्नायूही जातो. पोटासाठी दीडशे सिटअप मारणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की त्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यांच्यावरची चरबी तिथून वेगळी निघत नाही.

या सगळ्याला मेडिकलपलीकडेही अर्थ आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडीचा रस्ता नव्हता, यंत्रं वर जाऊ शकली नाहीत. सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफ जवानांनी आणि इतर पथकांनी पावसात, चिखलात, साहित्य पाठीवर घेऊन तो डोंगर चढून वर हातांनी माती उपसली. पोटावरचे आठ किलो तिथे आपल्याबरोबर चढतात.

योगाचं काय, असं लोणावळ्यात विचारलं जाणारच. माणिकरावांच्या बडोद्याच्या आखाड्यात तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आखाड्यातला माणूस योगाकडे वळला, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोन्हींत भांडण नाही. आसनांनी कॅलरी फारशा जळत नाहीत, पण पाठ-कंबर मोकळी राहते, झोप सुधारते, ताणामुळे होणारं खाणं कमी होतं. रोज वीस मिनिटं त्यासाठी काढा आणि चालणं त्याच्या बदल्यात सोडू नका.

याला हात लावू नका

मेडिकलच्या तोंडावर जे चालतं त्यातलं बरंचसं धोक्याचं आहे. उन्हात प्लॅस्टिकचा किंवा जाड सूट घालून घाम काढणं, दोन दिवस पाणी न पिणं, लघवीच्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं. यात एक ग्रॅम चरबी जात नाही. जातं ते पाणी आणि क्षार, आणि त्या अवस्थेत दौड झाली तर उष्माघात होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तरणेताठे जवान यात दगावतात.

दुकानातल्या ‘फॅट बर्नर’ पुड्यांत काय असतं ते डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५पासून आपल्याकडेही सहज मिळू लागली आहेत. ती खरी औषधं आहेत आणि काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण नोकरीत असलेल्याने बाहेरच्या डॉक्टरकडून ती गुपचूप सुरू करू नयेत. मळमळ, उलट्या, पाणी कमी होणं हे त्रास ड्युटीवर उमटतात, आणि मेडिकल ऑफिसरला माहीत नसलेलं औषध तुमच्या अंगात असणं तुमच्याच अंगाशी येतं.

युनिटच्या अधिकाऱ्यांसाठी एक वाक्य सांगून टाकतो. जादा वजनाच्या जवानांची वेगळी रांग करून संध्याकाळी जादा पीटी लावली जाते. सोबत म्हणून ती चांगली. टिंगल म्हणून केली तर माणूस चोरून खायला शिकतो.

वजन कारण नसताना भराभर वाढत असेल, रात्री जोरात घोरणं आणि दिवसा झोप येणं असेल, तहान-लघवी वाढली असेल, चढावर छातीत भरून येत असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी तपासणी करा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर त्यांचे डोस बदलावे लागतात. ते स्वतःच्या मनाने करू नका. बाळंतपणानंतर रुजू होणाऱ्या महिलांनीही वजनाची घाई न करता आधी मेडिकल ऑफिसरशी बोलून टप्पे ठरवून घ्यावेत. अंगावर पाजत असताना कडक डाएट नको.

पेन्शनवर आल्यावर

खरी घसरण इथे होते. शिपाई किंवा नाईक म्हणून निवृत्त झालेला माणूस ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पीटी एका दिवसात बंद, भूक मात्र वीस वर्षांच्या सवयीची. वर्षभरात तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी लागते, तीही बऱ्याचदा रात्रीची. खुर्चीत बसून बारा तास, मध्यरात्री चहा-बिस्कीट आणि कंपनी कॅन्टीनचं तेलकट, सकाळी घरी येऊन नाष्टा करून झोप.

रात्रपाळीवाल्यांनी मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी संध्याकाळी करावं. मध्यरात्री भूक लागली तर घरून आणलेली उसळ, फुटाणे, उकडलेलं अंडं, ताक. कॅन्टीनची पोळी-भाजी-भात नव्हे. चहातली साखर मोजा. सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे सुमारे दोनशे कॅलरी, तेही पोट न भरता. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन खोली अंधारी करून सात तास झोप घ्या. अपुरी झोप झालेल्या दिवशी माणूस जास्त खातो, हे तुम्ही स्वतःवर पाहिलं असेलच. फेरी मारायची ड्युटी कुणाला नको असेल तर ती मागून घ्या.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड नुसतं आजारपणासाठी ठेवू नका. जवळच्या पॉलीक्लिनिकमध्ये जाऊन साखरेचा तीन महिन्यांचा आढावा देणारी एचबीए१सी चाचणी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर चाळिशीची वाट पाहू नका. ग्रामपंचायतीच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पळत असतात. त्यांना शिकवायला जा. पगार मिळणार नाही, पण पीटीची वेळ परत मिळेल, आणि पोरांनाही ‘फौजी काका’ लागतोच. त्यांच्यापैकी कुणी हडकुळा असेल तर त्याला वजन वाढवायलाही सांगावं लागतं. भरतीत उंची-वयाच्या मानाने कमी वजनही अडतं.

नोकरीत असलेल्यांनी युनिटला परत जाताना ट्रंकेत एक छोटी वही ठेवावी. सुट्टीच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचं वजन, पोटाचा घेर, चालू असलेल्या औषधांची नावं, आणि आपल्या वयाला तक्त्याप्रमाणे असायला हवं ते वजन. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, मेडिकलचं पत्र येण्याच्या कितीतरी आधी, ही वही घेऊन एमआय रूममध्ये जा. दोन किलो वर असाल तर दोन महिने मागा, सहा वर असाल तर सहा महिने. मेडिकल ऑफिसर स्वतःहून आलेल्या माणसाला वेळ आणि सल्ला दोन्ही देतो. पत्र आल्यावर गेलात तर त्याच्या हातात फक्त तक्ता असतो.